चोर सोडून संन्याशाला

सप्टेंबर २००८. लेहमन ब्रदर्स नुकतीच कोसळली होती, आणि अमेरिकेतल्या मराठी घरांत गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी नोकरीवरच येऊन थांबत होत्या. त्याच महिन्यात संगणकाच्या जगात एक लहानसा अपघात झाला. बाहेर फारसा कुणाला कळलाही नाही. पण आपल्यापैकी जे सॉफ्टवेअरवर पोट भरतात, त्यांनी तो माहीत करून घ्यावा असा आहे.

लिनक्सच्या कर्नलची २.६.२७ ही आवृत्ती तेव्हा तयार होत होती. अंतिम आवृत्तीआधी चाचणीसाठी काही कच्च्या आवृत्त्या निघतात, आणि हौशी लोक त्या आपल्या यंत्रांवर घालून बघतात. त्यांतल्या काहींचं इंटेलचं नेटवर्क कार्ड अचानक मेलं. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, जुनी आवृत्ती परत घातली, तरी कार्ड हलेना. सॉफ्टवेअरमधली चूक साधारणपणे सॉफ्टवेअर बदललं की जाते. इथे चुकीने वस्तूच बिघडवली होती.

या कार्डाची स्वतःची थोडी फ्लॅश स्मृती असते. कार्डाचा जगावेगळा पत्ता, त्याची मांडणी आणि ‘हे सगळं शाबूत आहे’ असं सांगणारी बेरीज तिच्यात लिहिलेली असते. ती बेरीज जुळली नाही, तर ड्रायव्हर कार्डाला हातच लावत नाही. या लोकांच्या कार्डांमधला हा मजकूरच पुसला गेला होता किंवा त्याचा कचरा झाला होता. ज्यांनी आधी त्याची प्रत काढून ठेवली होती, त्यांना तो परत लिहिता येत होता. पण आपल्या नेटवर्क कार्डाच्या पोटातल्या मजकुराची प्रत कोण काढून ठेवतो?

संशय साहजिकच कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला. त्याचं नाव ई१०००ई. मेलेलं कार्ड त्याच्याच ताब्यात होतं, आणि त्या फ्लॅशमध्ये लिहिण्याचा अधिकारही त्यालाच होता. गुन्हेगार ठरवायला आणखी काय हवं? उबंटू, ओपनसूझे, फेडोरा, मँड्रिवा या वितरणांनी आपापल्या चाचणी आवृत्त्यांबाबत इशारे दिले किंवा तो ड्रायव्हर बंदच केला. इंटेलचे अभियंते आपला कोड ओळीओळीने तपासू लागले. त्यांना तिथे लहानसहान दोष सापडले, पण कार्ड मारणारा दोष मिळेना.

तपास अवघड होण्याचं कारण साधं होतं. नेहमीची रीत अशी, की चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्यामध्ये निम्म्या-निम्म्याने शोधत जायचं आणि दोषी बदल गाठायचा. प्रत्येक टप्प्यावर चाचणी करून ‘चांगलं’ की ‘वाईट’ एवढंच सांगायचं. इथे प्रत्येक ‘वाईट’ची किंमत एक कार्ड होती.

म्हणून कारण सापडण्याआधी संरक्षण आलं. ड्रायव्हर सुरू होतानाच फ्लॅशला कुलूप लावायचं, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत तिच्यात कुणालाच काही लिहिता येणार नाही, असा बदल इंटेलने दिला. तो घेऊनच ९ ऑक्टोबर २००८ रोजी २.६.२७ बाहेर पडली.

मग खरा चोर सापडला. तो भलत्याच गल्लीत राहत होता.

एफट्रेस हे कर्नलमधलं, तेव्हा नवंकोरं, माग काढणारं साधन. मुख्यतः स्टीव्हन रॉस्टेड यांनी लिहिलेलं. कर्नलमधली कुठली फंक्शनं चालतात याची ते नोंद ठेवतं. त्यासाठी प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एक छोटी हाक पेरलेली असते. पण माग काढायचा नसेल तेव्हा या हाकांमुळे वेग कमी होतो. म्हणून एफट्रेस अशा जागांचे पत्ते टिपून ठेवायचं, आणि पार्श्वभूमीवरचं एक काम थोड्या थोड्या वेळाने उठून त्या पत्त्यांवरच्या हाका पुसून टाकायचं.

आता चाळीतली खोली डोळ्यांसमोर आणा. टिपून ठेवलेला एखादा पत्ता मॉड्यूलच्या सुरुवातीच्या कोडचा असे. तो कोड एकदाच चालतो आणि मग ती स्मृती मोकळी होते. भाडेकरू गेला, खोली रिकामी झाली आणि त्याच पत्त्यावर नवा भाडेकरू आला: नेटवर्क कार्डाची फ्लॅश. एफट्रेसचा माणूस जुना पत्ता घेऊन दारात हजर!

त्याने खबरदारी घेतली नव्हती असं नाही. ‘इथे अपेक्षित मजकूर असेल तरच बदल’ अशी प्रोसेसरची एकच सूचना तो वापरत होता. पण या सूचनेची एक खोड आहे. मजकूर जुळला नाही, तरी ती जुनाच मजकूर परत लिहिते. साध्या स्मृतीत त्याने काही बिघडत नाही. कार्डाच्या फ्लॅशवर मात्र कोणतंही लिहिणं म्हणजे हुकूम असतो. कार्डाने तो पाळला.

१५ ऑक्टोबरला २.६.२७.१ आली. एफट्रेसचा हा भाग बंद करणं, हेच तिचं काम होतं. पुढे २.६.२८ मध्ये पत्ते चालू यंत्रावर टिपण्याऐवजी कर्नल बांधतानाच त्यांची यादी करण्याची पद्धत आली, आणि तो उठून फिरणारा माणूसच गेला.

मला यात सगळ्यात अस्वस्थ करते ती गोष्ट अशी, की ‘माझ्याकडे तर चालतंय’ असं इथे दोन्ही बाजू प्रामाणिकपणे म्हणू शकल्या असत्या. ड्रायव्हरवाल्यांचा ड्रायव्हर चालत होता, एफट्रेसवाल्यांचं एफट्रेस चालत होतं. दोघं एका यंत्रावर एकत्र आले आणि स्मृतीचे पत्ते नेमके जुळले, तरच अपघात. त्याच वर्षी फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातल्या स्टीफन रॉथवेल यांनी सगळ्यांचे येऊ घातलेले बदल रोज एकत्र बांधून बघणारी लिनक्स-नेक्स्ट ही शाखा सुरू केली होती. पण कोड एकत्र बांधला जाणं वेगळं आणि खऱ्या यंत्रावर चालणं वेगळं.

ड्रायव्हरमधला बदल देखभाल करणाऱ्याकडे पाठवण्याआधी काय करायचं, याच्या आजच्या रीती अशाच अनुभवांतून आल्या आहेत. खऱ्या यंत्रावर चालवा. ड्रायव्हर काढा, पुन्हा घाला. यंत्र झोपवा, उठवा. तार मध्येच उपटा. स्मृतीतल्या आणि कुलपांच्या चुका पकडणाऱ्या तपासण्या चालू ठेवून बघा. उपकरण हाताशी नसेल, तर ‘फक्त कंपाइल करून पाहिलंय’ असं स्पष्ट लिहा. त्यात कमीपणा नाही, लपवण्यात आहे. कारण ज्याच्याकडे तुम्ही बदल पाठवता, त्याच्याकडेही ते उपकरण असेलच असं नाही. २०१९ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी फ्लॉपीचा ड्रायव्हर अनाथ म्हणून नोंदवला, कारण तो सांभाळणाऱ्याकडे चालू स्थितीतलं फ्लॉपीचं यंत्रच उरलं नव्हतं. देखभाल करणारा बहुतेक वेळा तुमच्या शब्दावर विसंबतो.

त्या कर्नलमध्ये बदलाखाली ‘कुणी तपासलं’ याची एक ओळ लिहायची पद्धत आहे. घाईत आपण ती वाचतही नाही. २००८ च्या त्या महिन्यात ज्यांची कार्डं गेली, त्यांनी कच्ची आवृत्ती आपण होऊन घेतली होती, आणि बिघाड झाल्यावर तक्रारीबरोबर तपशीलही दिले. ते वेळेवर ओरडले, म्हणून अंतिम आवृत्ती घेणाऱ्यांच्या कार्डांना कुलूप लागलेलं होतं.

संन्याशाची फाशी टळली. कुलूप मात्र त्याच्याच दाराला लागलं, चोर दुसऱ्या गल्लीतला निघाला तरी. मला वाटतं, ते योग्यच झालं.