उघडा मूत्राशय आणि उशिरा आलेला हिशेब

आज आपण अशा एका जन्मजात दोषाकडे वळतोय, ज्याबद्दल घरातसुद्धा कुजबुजतच बोललं जातं. साधारण ३० ते ५० हजार जन्मांत एखाद्या बाळाचं ओटीपोट समोरून मिटलेलंच नसतं. मूत्राशय पिशवीसारखा न राहता उलगडून बाहेर दिसतो आणि लघवी सतत ठिबकत राहते. जीव लगेच जात नाही. पण ओले कपडे, सोललेली कातडी आणि वास यांत माणूस एकटा पडतो.

१८५१ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जॉन सायमन यांनी एका मुलाच्या मूत्रवाहिन्यांपासून गुदाशयात वाट पाडली. म्हणजे मूत्राशय दुरुस्त करायचाच नाही, लघवीलाच वळण द्यायचं. (हे सायमन आज ओळखले जातात ते सार्वजनिक आरोग्यातल्या कामासाठी.) साधारण वर्षभराने मुलगा दगावला. १८५२ च्या ‘लॅन्सेट’मधल्या हकिकतीच्या मथळ्यातच तात्पुरतं यश, नंतरचा मृत्यू आणि शवविच्छेदन हे तिन्ही आलंय. आम्हाला तो मथळा फार मोलाचा वाटतो. इतकं सरळ लिहायला धाडस लागतं.

ही वाट पुढच्यांनी सोडली नाही. मूत्रवाहिनी आतड्याच्या भिंतीतून तिरकी नेली की घाण उलटी वर मूत्रपिंडाकडे चढत नाही, हे कळलं आणि रुग्ण जगू लागले, कोरडे राहू लागले. झालं की काम! पण १९२९ मध्ये त्याच सांध्यावर कर्करोग झाल्याची नोंद आली. १९५० च्या सुमारास कळलं की आतडं लघवीतले क्षार परत शोषून घेतं आणि रक्तातलं आम्ल वाढतं. कर्करोग तर दहा-वीस वर्षांनी उगवायचा. पाचव्या वर्षी ऑपरेशन झालेल्या मुलाला पंचविशीत तपासायला बोलावणार कोण?

दरम्यान १९४२ मध्ये बाल्टिमोरच्या ह्यू हॅम्पटन यंग यांनी एका मुलीचा मूत्राशयच मिटवला आणि तिला लघवीवर ताबा मिळाला. त्याच शहरात रॉबर्ट जेफ्स यांनी पुढे हे काम टप्प्यांत बसवलं: आधी पोट आणि मूत्राशय, मग मूत्रमार्ग, शेवटी मूत्राशयाचं तोंड. तरी ताबा सगळ्यांनाच येतो असं नाही. त्यांच्यासाठी जॅक लापिडिस यांनी १९७२ मध्ये मांडलेली युक्ती अगदी साधी: हात धुवायचे, स्वच्छ नळी घ्यायची आणि ठरावीक वेळाने मूत्राशय आपला आपण रिकामा करायचा.

जुन्या पद्धतीने आतड्यात वळण दिलेल्यांना मात्र दुर्बिणीने आतडं तपासत राहावं लागतं. ते वळण नंतर काढलं, पण मूत्रवाहिनीचा तुकडा आतड्याला तसाच राहिला, तरीही.