उरण : मिठागरांपासून तेलापर्यंत



आपल्या भंडारा जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आपले पाणी म्हणजे वैनगंगा, बोड्या आणि मालगुजारी तलाव. तेव्हा समुद्रकाठच्या एका तेलाच्या गावाशी आपला संबंध तो काय, असे कुणीही विचारील. संबंध आहे, आणि तो धानाच्या बांधीतूनच जातो. रोवणीनंतर आपण युरिया टाकतो. अलिबागजवळच्या थळ येथे १९८५ मध्ये युरियाचा मोठा कारखाना सुरू झाला, तो अरबी समुद्रातून निघालेल्या वायूच्या भरवशावर. हा वायू ज्या गावी प्रथम किनाऱ्याला लागतो, ते गाव म्हणजे रायगड जिल्ह्यातील उरण.

उरणला जावयाचे तर जुनी वाट समुद्राची. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसावे आणि मोरा बंदरात उतरावे. जानेवारी २०२४ पासून शिवडीहून खाडीवरचा सुमारे बावीस किलोमीटरचा पूल झाला, आणि त्याच महिन्यात आगगाडीही उरणपर्यंत पोचली. परंतु ज्याला इतिहास पाहावयाचा आहे, त्याने लाँचनेच जावे. एका बाजूला तुर्भ्याचे तेलशुद्धीकरण कारखाने दिसतात, दुसरीकडे घारापुरीचे बेट, आणि समोर द्रोणागिरीचा डोंगर. दीड हजार वर्षांचा काळ एका फेरीत डोळ्यांखालून जातो.

या भागाचे जुने नाव करंजा बेट. पोर्तुगीज आले, मराठे आले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी व घारापुरीबरोबर करंजाही इंग्रजांकडे राहिले. इथल्या आगरी, कोळी आणि कराडी लोकांचा चरितार्थ तीन गोष्टींवर चाले : मीठ, मासळी आणि खारजमिनीतील भात. भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे आणि त्या मागे भात पिकवायचा, ही त्यांची विद्या. आपण पाणी साठविण्यासाठी बांध घालतो, ते पाणी बाहेर ठेवण्यासाठी घालतात, एवढाच फरक! आणखी एक गंमत सांगतो. एकोणिसाव्या शतकात उरण दारूच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध होते, आणि ती दारू मोहाची. मोहफुले गुजरातेतून येत. म्हणजे आपल्या रानातला मोह त्या खाऱ्या वाऱ्यालाही परका नव्हता.

हे लोक गरीब असतील, पण मुके नव्हते. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला. अक्कादेवीच्या टेकडीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ जण हुतात्मे झाले. शिक्षकबंधूंनी हा दिवस वर्गात अवश्य सांगावा.

आता तेलाकडे वळू. ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि काही महिन्यांतच तेलाचा भाव चौपट झाला. आपला देश बहुतेक तेल बाहेरून आणणारा. त्याचे काय हाल झाले असतील याची कल्पना करा. नेमक्या त्याच सुमारास, फेब्रुवारी १९७४ मध्ये, मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर 'सागर सम्राट' या जहाजाने समुद्राच्या तळाला भोक पाडले आणि तेल लागले. या क्षेत्राला 'बॉम्बे हाय' म्हणतात. 'हाय' म्हणजे समुद्रतळाखालचा खडकांचा उंचवटा. त्यातील चुनखडीच्या थरांत तेल साठलेले असते. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. आधी तेल जहाजांनी आणीत. १९७८ मध्ये समुद्राच्या तळावरून उरणपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटरची नळवाहिनी झाली.

उरणला तेल येते तसेच वापरता येत नाही. त्यातील पाणी व वायू वेगळे करतात, मग तेल खाडीपलीकडे तुर्भ्याला जाते. वायूतून स्वयंपाकाचा गॅस काढून घेतात. उरलेला वायू वीजनिर्मितीला आणि खताला. चुलीपुढे धुरात बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांतले पाणी कमी झाले, त्यात उरणचा वाटा आहे.

या कामाची किंमतही पडते. २७ जुलै २००५ रोजी समुद्रातील एका फलाटावर आग लागून २२ माणसे गेली. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या प्रकल्पातील आगीत चौघांचा बळी पडला.

पण माझ्या मते उरणचा खरा धडा जमिनीचा आहे. तेल लागण्याच्या आधीच, १९७० मध्ये, नवी मुंबई वसविण्यासाठी सिडको स्थापन झाली होती. ठाणे, पनवेल आणि उरणकडील ९५ गावांच्या जमिनींवर तिचा हक्क सांगितला गेला. पाठोपाठ न्हावा-शेवा बंदर आले. भातशेते आणि मिठागरे गेली. मोबदला तुटपुंजा म्हणून जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मरण पावले. त्यांच्या रक्तातून एक नवी गोष्ट निघाली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यावी, असे १९९० मध्ये सरकारने ठरविले. म्हणजे मोबदला केवळ एकदा हातावर ठेवलेली रक्कम नव्हे, तर जमिनीवर जे उभे राहील त्यातला वाटा. तो पदरात पडावा म्हणून अनेकांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले, ही गोष्ट निराळी.

आणि घारापुरी? उरण तालुक्यातलेच हे बेट. जगभरचे लोक तिथली लेणी पाहायला येतात. चहूबाजूंस कारखान्यांचे आणि बंदराचे दिवे झगझगत असताना त्या बेटावरच्या गावांत तारेवरची वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकल्यावर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आपल्याकडे १९८८ मध्ये गोसीखुर्दच्या धरणाची कोनशिला बसली. गावे उठली, घरे उठली; त्यांचे दुःख आपणांस निराळे सांगावयास नको. म्हणून उरणची हकीकत आपल्याला परकी वाटू नये. धरण असो, खाण असो की तेल असो, देशाला त्याची गरज असते हे खरेच. पण जो आपली जमीन देतो, तो देशाचा भागीदार होतो; त्याला नुसता नुकसानभरपाईचा धनी म्हणून मोकळे करू नये. आपल्या गावात मोजणीची साखळी येईल तेव्हा हा हक्क आपण सनदशीर मार्गाने, पण आधीच मागावा. उरणकरांना तो मागाहून मागावा लागला, आणि त्याची किंमत पाच घरांनी दिली.