कॅड आरेखनातील मजकूर : एकओळी व बहुओळी

संगणकावर काढलेल्या अभियांत्रिकी किंवा वास्तुरचनेच्या नकाशात लिहिलेली नावे, खुणा, सूचना व शीर्षके यांना कॅड आरेखनातील मजकूर म्हणतात. रेषा आकार दाखवतात. भिंत विटांची की काँक्रीटची, सळई किती व्यासाची, दरवाजा कोणत्या प्रकारचा हे मात्र अक्षरांतूनच कळते. कॅडमध्ये ही अक्षरे नुसत्या रेघा म्हणून न साठवता अक्षरसंकेत, जागा, उंची, कोन व शैली अशा माहितीच्या रूपात साठवतात. त्यामुळे ती नंतर शोधता, तपासता व दुरुस्त करता येतात. मजकुराचा कोणताही प्रकार वापरला, तरी हा गुण टिकवणे महत्त्वाचे असते.

ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर १९८२ मध्ये बाजारात आले. त्यात मजकुराचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘टेक्स्ट’ हा एकओळी प्रकार जुना असून ‘एमटेक्स्ट’ हा बहुओळी प्रकार १९९४ च्या तेराव्या आवृत्तीत आला. ब्रिक्सकॅड व झेडडब्ल्यूकॅडमध्ये हेच दोन प्रकार आढळतात. ड्राफ्टसाइटमध्ये त्यांना अनुक्रमे ‘सिंपलनोट’ आणि ‘नोट’ अशी नावे आहेत.

एकओळी मजकूर : या प्रकारात आधी आरंभबिंदू, मग उंची व कोन द्यावा लागतो. एंटर दाबल्यावर खाली नवी ओळ सुरू होते, पण ती स्वतंत्र वस्तू असते. पाच ओळींची सूचना अशी लिहिली, तर नकाशात पाच सुट्या वस्तू तयार होतात आणि मधला एक शब्द वाढवला तरी पुढच्या ओळी आपोआप सरकत नाहीत. खोल्यांची नावे, ग्रिडची अक्षरे, तलांक, दार-खिडक्यांचे क्रमांक अशा छोट्या मजकुराला हा प्रकार योग्य ठरतो. ‘मिडल’ हा पर्याय वापरला की ग्रिडचे अक्षर त्याच्या वर्तुळाच्या मधोमध बसते. ‘फिट’ पर्यायाने उंची कायम राहून मजकूर दोन बिंदूंमध्ये बसतो. ‘अलाइन’ने रुंदीबरोबर उंचीही बदलते. दोन टक्केचिन्हांपुढे सी, डी किंवा पी हे इंग्रजी अक्षर टाइप केले की अनुक्रमे व्यासाचे, अंशाचे व अधिक-उण्याचे चिन्ह उमटते.

बहुओळी मजकूर : येथे दोन कोपरे देऊन चौकट आखली जाते. चौकटीच्या रुंदीनुसार शब्द पुढच्या ओळीत जातात आणि सगळा परिच्छेद एकच वस्तू राहतो. रुंदी बदलली की ओळी नव्याने जुळतात. एकाच परिच्छेदात ठळक अक्षरे, वेगळा रंग, अनुक्रमांक, स्तंभ, एकावर एक मांडलेले अपूर्णांक आणि मापांची वरची व खालची सहनमर्यादा देता येते. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत चौकटीचे नऊ जोडबिंदू असतात. सर्वसाधारण सूचना, साहित्याचे तपशील व टायटल ब्लॉकमधील लांब मजकूर यांसाठी हा प्रकार वापरावा.

साठवण व रूपांतर : कॅड आरेखनांच्या देवाणघेवाणीसाठीच्या डीएक्सएफ फाइलमध्ये एकओळी मजकूर साध्या अक्षरमालेच्या रूपात असतो. बहुओळी मजकूर २५० अक्षरांच्या तुकड्यांत विभागलेला असून परिच्छेद, फॉन्ट, उंची यांच्या खुणा मजकुरातच गुंफलेल्या असतात. दुसऱ्या प्रोग्रामने तो वाचायचा झाल्यास या खुणा आधी गाळाव्या लागतात. ऑटोकॅडच्या बाराव्या आवृत्तीच्या स्वरूपात बहुओळी प्रकार नसल्यामुळे त्यात फाइल साठवली, तर परिच्छेदाच्या सुट्या ओळी होतात. ‘एक्स्प्लोड’ आज्ञेनेही तसेच घडते. उलट ‘टीएक्सटी२एमटीएक्सटी’ आज्ञेने सुट्या ओळी पुन्हा एका परिच्छेदात जोडता येतात. लेझर कटिंगसाठी कधी अक्षरांच्या रेघाच कराव्या लागतात. त्यानंतर तो मजकूर शोधता येत नाही. म्हणून मूळ प्रत वेगळी जपावी.

उंची व स्केल : मजकुराची उंची ठरवताना तो कागदावर केवढा दिसणार हे पाहावे लागते. तांत्रिक अक्षरलेखनाच्या आयएसओ ३०९८ या मानकात १.८, २.५, ३.५, ५, ७, १०, १४ व २० मिमी या उंची दिल्या आहेत. प्रत्येक उंची आधीच्या उंचीच्या सुमारे १.४ पट, म्हणजे दोनच्या वर्गमूळाइतक्या पट असते. कागदांच्या ए-मालिकेतही हेच प्रमाण असल्याने ए२ नकाशा ए३ वर छापला, की ३.५ मिमीचे अक्षर २.५ मिमीचे होते आणि मानकातच राहते. भारतीय मानक ब्यूरोचे याच विषयाचे मानक आयएस ९६०९ हे आहे.

मिलिमीटरमध्ये काढलेल्या १:१०० च्या नकाशात कागदावर २.५ मिमी अक्षर हवे असेल, तर मॉडेलमध्ये उंची २५० द्यावी लागते. १:५० ला १२५ पुरते. २००८ च्या आवृत्तीत आलेल्या ‘अ‍ॅनोटेटिव्ह’ सुविधेत कागदावरची उंची एकदाच देतात आणि गुणाकार सॉफ्टवेअर करते. टेक्स्ट स्टाइलमध्ये उंची शून्य ठेवावी. तेथे ठरावीक उंची दिली, तर ती मापरेषांच्या स्टाइलमधील उंचीवरही मात करते.

फॉन्ट व देवनागरी : एसएचएक्स फॉन्टमधील अक्षरे रेघांनी बनलेली असतात आणि पडद्यावर लवकर उमटतात. ट्रूटाइप फॉन्ट बाह्यरेषांचे असतात. नकाशा उघडणाऱ्याकडे मूळ फॉन्ट नसेल, तर बदली फॉन्ट लागतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि बहुओळी मजकुराच्या ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात. ‘ई-ट्रान्समिट’ने फॉन्टही फाइलसोबत पाठवता येतात.

मराठी नकाशांत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये फाइलमध्ये रोमन अक्षरांचे संकेत साठतात. फॉन्ट नसेल तेथे ‘शयनगृह’ अर्थहीन चिन्हांत दिसते आणि शोधले तरी सापडत नाही. ऑटोकॅडच्या २००७ च्या फाइल स्वरूपापासून मजकूर युनिकोडमध्ये साठतो. तरीही जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांटी नीट उमटण्यासाठी देवनागरीचा युनिकोड फॉन्ट आणि अक्षरजुळणी करणारे सॉफ्टवेअर दोन्ही लागतात. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते. जुळणी झाली नाही, तर ती व्यंजनाच्या आधी दिसण्याऐवजी नंतरच राहते. गावांची, शिवारांची नावे असलेला नकाशा पाठवण्यापूर्वी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा.

वापरातील शिस्त : मजकुरासाठी स्वतंत्र लेअर व मोजक्या स्टाइल ठेवाव्यात. ‘मिरटेक्स्ट’ या सेटिंगचे मूल्य शून्य असले, की आराखडा आरशासारखा उलटवूनही अक्षरे सुलट राहतात. ‘फाइंड’ने एखादे नाव सर्वत्र एकदम बदलता येते, मात्र ते सगळीकडे सारखेच लिहिलेले असावे लागते. अंतिम तपासणी प्रत्यक्ष आकाराच्या छापील प्रतीवर करावी. साइटवरचा मिस्त्री व सुपरवायझर तीच प्रत वाचून काम करतात.