हँडल चार बोटे वर

घोड्याचा लगाम, बैलाची वेसण, होडीचे सुकाणू यांचे कौतुक आपल्याकडे फार. उपमा द्यायची झाली तर यांच्यापैकी एखादे हमखास मदतीला धावून येते. मोटारसायकलच्या हँडलच्या वाट्याला मात्र हे भाग्य आलेले नाही. त्याची चर्चा होते ती फक्त एका प्रसंगी. दिवाळीच्या सुटीत चिरंजीव गाडीवरून घरी येतात आणि कंपनीने दिलेले हँडल जाऊन त्या जागी चार बोटे उंच असे नवे हँडल दिसते. "गाडीला शिंगे फुटली वाटतं!" असे आई म्हणते, आणि वडील खर्चाचा आकडा विचारतात. "लांबच्या पल्ल्याला पाठ धरते हो बाबा," असे चिरंजिवांचे उत्तर असते. ते अगदीच सबबीचे नाही. त्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

या इतिहासाची सुरुवात जर्मनीतल्या मॅनहाइम गावी होते. बाडेन संस्थानच्या वनखात्यातील एक अधिकारी, कार्ल ड्राइस, याने १२ जून १८१७ रोजी आपल्या लाकडी दुचाकीवरून गावाबाहेर फेरी मारली. या वाहनाला ना पायटे होते, ना साखळी. जमिनीला पाय मारीत पुढे जायचे आणि पुढचे चाक एका दांड्याने वळवायचे. पण ड्राइसने त्यावर आणखी एक वस्तू बसवली होती : हाताची कोपरे टेकण्यासाठी एक गादीची फळी. म्हणजे दुचाकी जन्मली त्याच दिवशी 'हात कोठे ठेवायचे?' हा प्रश्नही जन्मला, आणि शोधकाला तो वळण्याच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटला.

पुढे १८८५ साली डाइमलर आणि मायबाख या जोडीने लाकडी सांगाड्यात अर्ध्या अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन बसवले. मोटारसायकलची ती मूळ पुरुष. तिच्या बैठकीखालीच इंजिन धगधगत असल्यामुळे पहिल्याच प्रवासात बैठकीने पेट घेतला, असे सांगतात. तेव्हा हाताच्या सुखाचा विचार त्या दिवशी कोणी केला नसावा! मात्र गाड्यांचे कारखाने निघाल्यावर हँडले सायकलसारखी मागे वळलेली, लांब आणि ऐसपैस येऊ लागली. स्वार ताठ बसे. रस्ते खडबडीत आणि वेग बेताचा, तेव्हा ते सोयीचेच होते.

वेग वाढला आणि वारा आडवा आला. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. छाती काढून बसलेला स्वार म्हणजे उभे केलेले शीडच. म्हणून शर्यतवाल्यांनी हँडले खाली उतरवली. याचा कळस झाला १९४८ च्या सप्टेंबरात. अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर रोली फ्री नावाचा स्वार व्हिन्सेंट गाडीवर पालथा झोपला. आधीच्या फेरीत वाऱ्याने त्याचे चामडी कपडे फाटले होते, म्हणून या खेपेला अंगात केवळ पोहण्याची चड्डी! पाय मागे लांब केलेले, हनुवटी टाकीच्या वर. या अवस्थेत त्याने ताशी १५० मैलांचा वेग गाठला. विलायतेतील तरुणांनीही हाच धडा गिरवला. १९५० नंतरच्या दशकात लंडनच्या एस कॅफेपुढे जमणारी पोरे हँडले इतकी खाली घेत की चालवणारा जणू टाकीला मुजरा करीत आहे असे वाटावे.

गंमत अशी की, त्याच सुमारास अमेरिकेत वारे उलट दिशेने वाहत होते. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या हार्ले गाड्या स्वस्तात विकायला निघाल्या. लढाईवरून परतलेल्या जवानांनी त्या घेतल्या, नको ते भाग कापून टाकले आणि हँडले मात्र वर, आणखी वर नेली. या हँडलांना त्यांनी नाव दिले 'एप हँगर', म्हणजे माकडाने लोंबकळायचा दांडा. पुढे हा छंद पोरांच्या सायकलींपर्यंत पोहोचला. १९६३ साली शिकागोच्या श्विन कंपनीने उंच हँडलाची 'स्टिंग-रे' सायकल काढली. आणि १९६९ च्या 'ईझी रायडर' चित्रपटाने तर ते हँडल जगभर पोहोचवले. त्या चित्रपटातील गाड्या घडवणारे बेन हार्डी आणि क्लिफ व्हॉज हे दोघे कृष्णवर्णीय कारागीर. त्यांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नव्हती. गाडी जगाने पाहिली. हात कोणाचे लागले हे कळायला पुष्कळ वर्षे जावी लागली.

पण उंच हँडल म्हणजे निव्वळ मिरवणे, असे मानणे अन्यायाचे होईल. दिवसाला पाचशे किलोमीटर जाणाऱ्याचे गणितच वेगळे. १९६५ साली हार्लेने 'इलेक्ट्रा ग्लाइड' ही बटणावर सुरू होणारी प्रवासी गाडी आणली. अशा गाडीवर पुढची काच वारा अडवते. मग वाकून बसण्याचे कारणच उरत नाही. हँडल किंचित वर आणि मागे आले की कोपरे सैल राहतात, मनगटावर अंगाचा भार पडत नाही, कंबर सरळ राहते. उंच माणसाला, किंवा पन्नाशी ओलांडलेल्या पाठीला, हा फरक संध्याकाळी कळतो.

आपल्या महाराष्ट्रातही याचा एक सुंदर दाखला आहे. पुण्याच्या बजाजने कावासाकीच्या साहाय्याने २००१ साली 'एलिमिनेटर' आणली आणि २००५ साली तिच्याच वळणाची 'अ‍ॅव्हेंजर'. २०१५ मध्ये कंपनीने एकाच इंजिनाच्या दोन अ‍ॅव्हेंजर केल्या : 'क्रूझ'ला उंच, मागे वळलेले हँडल, 'स्ट्रीट'ला आखूड आणि सपाट. एक लांबच्या रस्त्यासाठी, दुसरी शहरातल्या गर्दीसाठी. इंजिन तेच, पण हँडल बदलताच गाडीचा स्वभाव बदलला!

मग उंचीला मर्यादा कोणती? याचे उत्तर माझ्या वर्गात रोज मिळते. उत्तर येणारा मुलगा हात वर करतो. मास्तरांचे लक्ष गेले नाही तर मिनिटाभरात तो दुसऱ्या हाताचा टेकू देतो, आणि आणखी थोड्या वेळाने हात झटकत खाली घेतो. हात खांद्याच्या वर फार वेळ राहिला की भरून येतो, बधिर होतो. घाटाच्या वळणावर बधिर हात काय कामाचा? म्हणूनच अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी हँडलाच्या उंचीला कायद्याने लगाम घातला. कॅलिफोर्नियात चालकाचा हात खांद्यापेक्षा सहा इंचांहून वर जाता कामा नये. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये, असे ते सांगते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. म्हणून पान्याला हात घालण्यापूर्वी आर. टी. ओ. त विचारून घेतलेले बरे.

आता पान्याचीच गोष्ट. हँडल वर नेणे म्हणजे चार बोल्ट सोडून चार बोल्ट आवळणे, असे पुष्कळांना वाटते. खरा घोटाळा तारांचा आहे. १८९६ साली बाउडेन नावाच्या माणसाने एका तारेचे पेटंट घेतले : बाहेर वेटोळ्याचे कवच आणि आत सरकणारी पोलादी तार. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर तिच्याच जोरावर चालत आले आहेत. कंपनी ही तार मूळ हँडलाच्या मापानेच कापते. हँडल चार बोटे वर गेले की ती चार बोटे अपुरी पडते. गाडी सरळ उभी असताना हे समजत नाही. हँडल पूर्ण वळवले की तार ताणली जाते, आणि मुठीला हात न लावता इंजिन गरजू लागते. आंबेनळीच्या घाटातल्या वळणावर असे झाले तर? पुढच्या ब्रेकच्या नळीचे तसेच. ती ताणून बसली तर रोज थोडी थोडी झिजते. फार लांब घेतली तर कोठेतरी अडकते.

म्हणून जाणता मिस्त्री आधी हँडलाची उंची ठरवतो, मग त्या मापाच्या तारा, नळी आणि बटणांच्या वायरी आणतो. नळी बदलल्यावर तिच्यात नवे तेल भरून हवेचा शेवटचा बुडबुडा बाहेर येईपर्यंत ब्रेक दाबतो-सोडतो. कारण तेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते, आणि आत हवा राहिली तर दांडी मुठीला टेकते तरी गाडी थांबत नाही. शेवटी गाडी स्टँडवर लावून, इंजिन चालू ठेवून, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवतो आणि कान देतो. आवाज बदलला नाही तर काम पास. २००८ पासून हार्लेच्या प्रवासी गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरची तार जाऊन तिचे काम वीज करू लागली. ताणण्याची भीती गेली, पण वायरी वाढवाव्या लागतातच.

वस्तू आपल्या अंगाला जुळवून घेण्याची हौस माणसाला जुनीच आहे. शिवलेला अंगरखा बेतून घ्यावा, तसे वाहनही बेतून घ्यावे, यात गैर काही नाही. मात्र अंगरख्याची बाही वाढवली तर गळ्याला काही होत नाही. यंत्राचे तसे नसते. त्यात एक जागा हलली की तिला बांधलेल्या दहा जागा हलतात, आणि त्या दहाही जागा पाहणारा मिस्त्री भेटला तरच ती चार बोटे सुखाची होतात. ज्यांच्या घरी असा बेत शिजत असेल त्यांनी हँडलाची किंमत विचारण्याआधी एवढेच विचारावे : तारा आणि नळी नव्या घेतल्या ना?