संचालक मंडळ आणि सामाजिक उत्तरदायित्वाचे अहवाल : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (विशेष संदर्भ : पातूर तालुका)

प्रस्तावना :
कंपनीचा वार्षिक अहवाल हा मूलतः भागधारकांसाठीचा दस्तऐवज होय. नफा, लाभांश व मालमत्ता यांचा हिशेब संचालक मंडळ त्यातून देते. कामगार व परिसर यांचा हिशेब त्यात कसा आला आणि पातूरसारख्या शेतीप्रधान तालुक्याला त्यात कोणते स्थान मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
जमशेटजी टाटा यांची नागपूर येथील एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कापूस पिकविणारा प्रदेश जवळ असणे, हे नागपूरची निवड करण्यामागील एक महत्त्वाचे कारण होते. या गिरणीत १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी व १८९५ मध्ये अपघात भरपाई योजना सुरू झाली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा मात्र १९२३ मध्ये आला. अर्थात, ही तरतूद मालकाच्या इच्छेवर अवलंबून होती.

पुढचे पाऊल टाटा स्टीलने टाकले. १९७९ मध्ये संचालक मंडळाने माजी मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कंपनीचे सामाजिक लेखापरीक्षण करविले. स्वतःच्या सामाजिक कार्याची तपासणी कंपनीने बाहेरच्या व्यक्तींकडे सोपविली, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

कायदेशीर स्वरूप :
कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी, असे हे कलम सांगते. प्रारंभी खर्च न झाल्यास संचालकांनी अहवालात कारण देणे पुरेसे होते. जानेवारी २०२१ पासून अखर्चित रक्कम विहित निधीत वा स्वतंत्र खात्यात जमा करणे बंधनकारक झाले.

पातूरच्या संदर्भात :
कायदा कंपनीच्या कार्यक्षेत्रालगतच्या परिसराला प्राधान्य देतो. परिणामी, कारखाना जेथे आहे ते गाव 'परिसर' ठरते. त्या कारखान्याचा कापूस जेथे पिकतो ते गाव ठरत नाही. सेबीने २०२१ मध्ये आणलेल्या अहवाल नमुन्यात आकांक्षित जिल्ह्यांतील कामाची ऐच्छिक माहिती विचारली आहे. २०१८ च्या यादीत पातूरला लागून असलेला वाशीम जिल्हा आहे, अकोला नाही. म्हणजेच पातूर दोन्ही चौकटींच्या बाहेर राहण्याचा संभव आहे.

निष्कर्ष :
दीडशे वर्षांत मालकाच्या औदार्याचे संचालकांच्या कर्तव्यात रूपांतर झाले. तथापि, हे कर्तव्य कोणत्या गावाप्रती, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. कच्चा माल पुरविणारा प्रदेशही 'परिसर' मानल्याशिवाय हा हिशेब पूर्ण होणार नाही.