फेरफाराची वर्दी : वाहन, विमा आणि जालना परिसर

१

विमा उतरविलेल्या वाहनात मालकाने काही फेरफार केला, तर त्याची वर्दी विमा कंपनीस देणे त्याच्यावर बंधनकारक आहे काय, आणि ती न दिल्यास परिणाम कोणी भोगावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वकिलांच्या कामाचा वाटतो. परंतु या प्रश्नाला इतिहास आहे. आणि जालना जिल्ह्यासारख्या कृषिप्रधान प्रदेशात, जेथे वाहन हे चैनीचे साधन नसून उपजीविकेचे अवजार आहे, तेथे या इतिहासाचा संबंध थेट शेतकऱ्याच्या सातबाऱ्याशी आणि मजुराच्या जिवाशी येऊन भिडतो.

फेरफार म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट करावयास हवे. मोटारीस गॅसची टाकी बसविणे, पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे घालणे, मालमोटारीचे पाटे वाढविणे किंवा हौद्याचे फाळके उंच करणे, जीपमध्ये जादा बाके टाकणे, अपंग चालकासाठी पायांची यंत्रणा हातांकडे आणणे, ही त्याची नित्याची रूपे होत. अशा प्रत्येक बदलाची दखल घेणारे दोन निरनिराळे पक्ष आहेत : एक नोंदणी करणारे सरकारी कार्यालय आणि दुसरा विमा कंपनी. एकास दिलेली वर्दी दुसऱ्यास पोहोचली असे कायदा मानीत नाही. ही दोन कर्तव्ये निरनिराळ्या उगमांतून आली, निरनिराळ्या वेगाने वाढली, आणि त्यांच्यामधील फटीत सर्वांत दुबळा माणूस सापडतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

विम्याची कल्पना आपल्या पेठांना अपरिचित नव्हती. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात जोखमी हुंडी प्रचारात होती. माल ज्या जहाजातून जावयाचा ते सुखरूप पोहोचले तरच या हुंडीचे पैसे देय होत. जहाज बुडाल्यास हुंडीही बुडे. खुष्कीच्या मार्गावरही सावकार मालाची जोखीम पत्करीत असत. सर जॉन माल्कमच्या मध्य हिंदुस्थानावरील १८२३ च्या ग्रंथात माळव्यातील या धंद्याचा उल्लेख आहे. हा व्यवहार परस्परांच्या पतीवर चाले. सावकारास माल, वाट आणि माल धाडणारा असामी या तिन्हींची बहुधा माहिती असे. त्यामुळे ‘काय सांगितले आणि काय लपविले’ या वादाला तेथे मर्यादित जागा होती.

ज्या तत्त्वावर आजचा भारतीय विमा कायदा उभा आहे ते मात्र इंग्लंडमधून आले, आणि त्याचा पाया १७६६ मधील एका खटल्यात घातला गेला. सुमात्रा बेटावरील बेंकुलेन येथील मार्लबरो किल्ला परकीय शत्रूच्या हाती पडल्यास भरपाई मिळावी, असा विमा तेथील गव्हर्नरने लंडनमध्ये उतरविला होता. १७६० मध्ये फ्रेंचांनी तो किल्ला घेतला. किल्ल्याची कमजोर स्थिती आणि फ्रेंचांच्या हल्ल्याचा संभव आपल्यापासून लपविण्यात आला, अशी तक्रार विमा देणाऱ्याने केली. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सिद्धान्त सांगितला तो असा की, विमा हा अंदाजाचा करार असून अंदाज ज्या गोष्टींवर बांधावयाचा त्या बहुतेक विमेदाराच्याच माहितीतील असतात. म्हणून त्याने त्या प्रामाणिकपणे उघड केल्या पाहिजेत. परंतु जी गोष्ट विमा देणाऱ्यास ठाऊक आहे किंवा ठाऊक असावयास हवी, ती सांगण्याचे बंधन विमेदारावर नाही. याच उत्तरार्धाच्या बळावर निकाल विमेदाराच्या बाजूने लागला. पुढील दोन शतकांत सिद्धान्ताचा पूर्वार्ध वारंवार उद्धृत झाला. उत्तरार्धाकडे मात्र तितकेसे लक्ष दिले गेले नाही.

३

मोटारीच्या बाबतीत हे तत्त्व जालना परिसरात येण्यास विलंब लागला, कारण हा भाग निजामाच्या राज्यात होता. १९१४ चा हिंदुस्थानचा मोटार वाहन कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. जालना हे त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे ठाणे, कापसाची पेठ आणि मनमाड–सिकंदराबाद या मीटरगेज लोहमार्गावरील स्थानक होते. हैदराबाद संस्थानात जून १९३२ मध्ये राज्याच्या रेल्वे खात्यानेच २७ बसगाड्यांनिशी रस्तावाहतूक सुरू केली. गाडीचा मालक सरकार, गाडी चालविणारे सरकार आणि नुकसानीस जबाबदारही सरकार; अशा व्यवस्थेत विमा कंपनीस वर्दी देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्यातील त्रयस्थांच्या नुकसानीसाठी सक्तीचा विमा सांगणारे आठवे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलात आले. इंग्लंडने अशी सक्ती १९३० च्या कायद्याने केली होती आणि तोच नमुना येथे होता. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५१ मध्ये हा कायदा ‘ब’ वर्गातील राज्यांना, म्हणजे हैदराबादलाही, लागू करण्यात आला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. जालना हा स्वतंत्र जिल्हा होण्यास १ मे १९८१ हा दिवस उजाडावा लागला.

याच कायद्यात एक अपवादही होता. राज्य परिवहन उपक्रमाने नुकसानभरपाईसाठी स्वतःचा निधी राखल्यास सरकारला त्यास विम्यातून सूट देता येई, आणि ही तरतूद १९८८ च्या कायद्यातही राहिली. म्हणजे वर्दीचे ओझे प्रामुख्याने खाजगी मालकावर पडले. ज्याच्यापाशी ना निधी, ना कायद्याचा सल्लागार.

४

नोंदणी कार्यालयास द्यावयाच्या वर्दीचा इतिहास पाहिला तर त्यात उत्तरोत्तर कडकपणा आलेला दिसतो. १९३९ च्या कायद्याचे ३२ वे कलम मुळात सौम्य होते. नोंदणीपत्रातील तपशील जुळेनासा होईल असा बदल झाल्यास मालकाने १४ दिवसांत तो कळवावा, एवढीच अपेक्षा होती. म्हणजे कृती आधी आणि वर्दी मागून. पुढे पूर्वसूचना आणि पूर्वसंमती यांची अट आली. १९८८ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमात ती मूळ रूपात दिसते. केवळ जोडसामान चढविल्या-उतरविल्यामुळे वाहनाच्या वजनात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडत असेल तर तेवढ्यापुरती संमतीची गरज नाही, अशी सवलत तेथे होती.

२००० च्या दुरुस्तीने दृष्टीच बदलली. तोपर्यंत तुलना नोंदणीपत्राशी होत असे. आता ती कारखानदाराने ठरविलेल्या मूळ रचनेशी होऊ लागली. त्या रचनेहून भिन्न होईल असा बदल मालकाने करू नये, असा सरळ निषेध आला. गॅस, वीज इत्यादी निराळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त संच बसविण्यास मुभा राहिली. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निषेधाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

ज्या कृतीची एके काळी पंधरवड्याच्या आत नोंद करून घेतली म्हणजे पुरे होत असे, ती आज गुन्हा ठरू शकते. यातून एक अनपेक्षित परिणाम संभवतो : कृतीच बेकायदा असेल तर मालक ती कोणास कळविणारच नाही. कडक निषेध आणि मोकळी वर्दी ही दोन्ही एकत्र नांदणे कठीण असते.

५

विमा कंपनीच्या बाजूचे कर्तव्य कायद्याच्या कलमापेक्षा कराराच्या कागदात अधिक वसते. मोटारीच्या प्रचलित विमापत्राच्या आरंभीच, मालकाने प्रस्ताव अर्जात केलेली विधाने हा या कराराचा आधार आहे, असे नमूद असते. आणि शेवटी, ती विधाने खरी असणे ही कंपनीच्या जबाबदारीची पूर्वअट सांगितलेली असते. १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमासंस्थांचा कारभार चार कंपन्यांत एकवटला. विम्याचे दर ठरीव दरपत्रकाप्रमाणे आकारले जात. १ जानेवारी २००७ पासून हे दर मोकळे करण्यात आले, तरी विमापत्राची जुनी शब्दयोजना बव्हंशी कायम राहिली.

२००२ च्या दरपत्रकावरून फेरफाराचे मोल कसे केले जाई ते चांगले कळते. गॅसचा संच बसविल्यास त्याच्या किमतीच्या चार टक्के जादा हप्ता पडे. मान्यताप्राप्त चोरीप्रतिबंधक साधन बसविल्यास सूट मिळे. अपंग व्यक्तीसाठी वाहन खास बदलून घेतल्यास वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीपोटी आकारावयाचा हप्ता निम्मा होई. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. फेरफार म्हणजे फसवणूक असे विमाव्यवसायाने कधीच मानलेले नाही. त्यास हवा असतो तो केवळ हिशेब. दुसरी गोष्ट अशी की, वर्दी देणारा नेहमी तोट्यातच जातो ही समजूत निराधार आहे. वीस हजारांच्या संचावर आठशे रुपये हप्ता वाचविणारा मालक सबंध गाडीची भरपाई पणास लावतो, हा व्यवहार कोणत्याही सावकाराने मूर्खपणाचा ठरविला असता.

६

आतापर्यंतचे विवेचन मालकाच्या स्वतःच्या नुकसानीपुरते आहे. खरा पेच त्रयस्थाच्या बाबतीत निर्माण होतो, आणि जालना जिल्ह्यात त्याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली.

कायद्याच्या व्याख्येनुसार ट्रॉली हे स्वतंत्र मोटार वाहन आहे. तिची नोंदणी निराळी, विमाही निराळा किंवा ट्रॅक्टरच्या विमापत्रात खास नमूद केलेला असावा लागतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ती नांगर किंवा पेरणीयंत्र यांसारखेच एक जोडअवजार असते. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता उतरविलेला असतो. हंगामात त्यालाच एक, कित्येकदा दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्यावर नेला जातो. अंबड तालुक्यात अंकुशनगर येथे समर्थ सहकारी साखर कारखाना आहे, आणि बीडप्रमाणेच जालना जिल्ह्यातूनही ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर जातात. त्याच ट्रॉलीत मजूर, त्यांची बायकामुले आणि संसार चढतो. येथे वाहनाचा सांगाडा बदलत नाही, परंतु त्याचे कार्य आणि त्यातील जोखीम समूळ बदलते. वर्दीच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा फेरफार होय, आणि तोच फेरफार म्हणून सर्वांत कमी ओळखला जातो.

अशा ट्रॉलीवरून पडून मजूर जायबंदी झाल्यास काय होते? सर्वोच्च न्यायालयापुढे २००७ मध्ये निर्णीत झालेल्या एका प्रकरणात नेमकी हीच वस्तुस्थिती होती. ट्रॅक्टरचा विमा केवळ शेतीसाठी होता, ट्रॉलीचा विमाच नव्हता, आणि वाहतूक वीटभट्टीच्या मातीची चालली होती. कंपनी कायद्याने जबाबदार नाही, असे न्यायालयाने मान्य केले. तथापि आपले विशेष अधिकार वापरून, कंपनीने मजुरास प्रथम रक्कम द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला. त्यापूर्वी २००४ मध्ये चालकाच्या परवान्यासंबंधीच्या एका महत्त्वाच्या निवाड्यात, अटीचा केवळ भंग दाखवून कंपनीस सुटता येणार नाही, भंगात विमेदाराचा दोष होता हे तिने सिद्ध केले पाहिजे, असे ठरले होते.

‘आधी द्या, मग वसूल करा’ या सूत्राने जखमी मजुराचा पुष्कळ बचाव झाला. परंतु ते सूत्र प्रत्येक प्रकरणी हक्क म्हणून मिळेलच असे नाही. आणि ते लागू झाले तरी वसुलीचा बोजा अखेर ट्रॅक्टरमालकावर येतो. हा मालक पुष्कळदा कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला कोरडवाहू शेतकरी असतो. ट्रॉलीची नोंद करून घेण्यास लागणारा अल्प खर्च आणि काही लाखांची वसुली यांमधील अंतर एका न दिलेल्या वर्दीचे असते.

७

इंग्लंडने, जेथे हे तत्त्व जन्मास आले, २०१२ च्या कायद्याने सामान्य ग्राहकापुरते ते बदलले. आपण होऊन सर्व काही सांगण्याचे बंधन तेथे राहिले नाही. विचारलेल्या प्रश्नांना वाजवी काळजीपूर्वक खरी उत्तरे दिली की पुरे. भारतात जुने कर्तव्य कायम आहे. मात्र आरोग्यविम्याच्या एका प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, काय उघड करावयाचे हे प्रस्ताव अर्जातील प्रश्नांच्या स्वरूपावर अवलंबून राहते, असे प्रतिपादन केले आहे. मॅन्सफील्डच्या सिद्धान्ताचा विस्मृत उत्तरार्ध अशा रीतीने पुन्हा पुढे येत आहे असे म्हणावयास हरकत नाही.

त्या उत्तरार्धाच्या कसोटीवर पाहिले तर दोष एकट्या मालकाकडे जात नाही. उसाच्या पट्ट्यातील ट्रॅक्टर ट्रॉलीवाचून राहत नाही, ही गोष्ट या भागात विमा विकणाऱ्यास ठाऊक असावयास हवी. तेव्हा ‘ट्रॉली आहे काय, किती, आणि तीतून माणसे जातात काय’ हे तीन प्रश्न त्याने मराठीत, तोंडी आणि लेखी, विचारले पाहिजेत. मालकानेही, नोंदणी कार्यालयात कागद दिला म्हणजे काम झाले, ही समजूत सोडून तोच कागद विमा कंपनीस द्यावा आणि पोच घ्यावी. जोखमी हुंडीच्या काळी सावकार आणि व्यापारी एकमेकांना ओळखत असत. ती ओळख आता उरलेली नाही. तिची जागा या पोचपावतीने घेतली आहे, आणि ट्रॉलीत बसलेल्या मजुरास मिळणारे संरक्षण पुष्कळ अंशी तिच्यावरच अवलंबून आहे.