दिवा विझला, म्हणजे काय कळलं?

ज्ञानाच्या साधनांचा विषय निघाला की प्रत्यक्ष, अनुमान, शब्द ही प्रमाणं आपल्याला आठवतात. कंट्रोल पॅनेलवरचा दिवा काही कुणाला आठवत नाही. आज आम्ही त्याचाच इतिहास सांगणार आहोत, आणि तोही एकाच दिव्याचा.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात, हॅरिसबर्ग शहराजवळ, सस्क्वेहाना नदीत थ्री माइल आयलंड नावाचं बेट आहे. तिथल्या अणुवीज केंद्राचा दुसरा संच डिसेंबर १९७८ अखेर रीतसर वीज देऊ लागला. तीनच महिन्यांनी, २८ मार्च १९७९ रोजी पहाटे ४ च्या सुमारास, वाफ तयार करणाऱ्या यंत्रणेला पाणी पुरवणारे पंप बंद पडले. भट्टीतली उष्णता वाहून नेली जाईना. दाब वाढला, आणि ठरल्याप्रमाणे एक व्हॉल्व्ह उघडला. कुकरची शिट्टी उचलली जाते ना, तसंच. भट्टीही आपोआप बंद झाली. इथवर सगळं यथास्थित होतं. दाब उतरल्यावर व्हॉल्व्हनं मिटायला हवं होतं. तो मिटला नाही, उघडाच अडकून राहिला.

नियंत्रण कक्षात मात्र त्याचा दिवा विझला. कर्मचाऱ्यांनी अर्थ लावला, व्हॉल्व्ह बंद झाला.

आता गंमत पाहा. गंमत म्हणायचं, पण आहे गंभीर. हा दिवा मुळात तिथे नव्हताच. १९७८ मध्ये, संच अजून चाचणीत असताना, हाच व्हॉल्व्ह उघडा राहिल्याची घटना घडली होती आणि ते कळायला पॅनेलवर काहीच नव्हतं. म्हणून दिवा बसवला. पण त्याची तार कुठून काढली? व्हॉल्व्ह उघडणाऱ्या विद्युतचुंबकाच्या वीजपुरवठ्यावरून. चुंबकाला वीज मिळाली की दिवा लागणार, वीज तोडली की विझणार. म्हणजे व्हॉल्व्हला काय सांगितलं गेलं, एवढंच दिवा दाखवत होता. व्हॉल्व्हनं ते ऐकलं की नाही, हे त्या तारेला ठाऊकच नव्हतं.

आपल्याकडे विहिरीवर मोटर चालवणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. स्टार्टरवरचा दिवा लागला तरी तो बांधावरून पाइपाच्या तोंडाशी जाऊन पाणी पडतंय का ते बघतोच. थ्री माइल आयलंडला पाइपाच्या तोंडाशी जाण्याची सोय नव्हती. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक धोक्याचे इशारे एकदम सुरू झाले होते. बाहेर पडणारं पाणी ज्या टाकीत साठत होतं, तिच्या दाबाचा काटा मुख्य पॅनेलच्या मागल्या बाजूला होता. व्हॉल्व्हच्या पुढच्या नळीचं तापमान जास्त दिसत होतं. पण तो व्हॉल्व्ह आधीपासूनच थोडा गळत होता, तेव्हा तापमान जास्त असायचंच, असं समर्थन हाताशी होतं. भट्टीच्या गाभ्यात पाणी किती आहे हे थेट दाखवणारं साधनच नव्हतं. दुसऱ्या एका पात्रातली पातळी वर दिसली म्हणून यंत्रणेत पाणी भरपूर आहे असं समजून आणीबाणीचं पाणी कमी केलं गेलं. अखेर दोन तास वीस मिनिटांनी त्याच नळीवरचा दुसरा व्हॉल्व्ह कुणीतरी बंद केला, तेव्हा गळती थांबली. तोवर गाभा उघडा पडू लागला होता. त्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला, हे तर पुढे काही वर्षांनी कळलं.

आपल्या दर्शनांनी या प्रसंगाचा तर्क फार आधी तपासून ठेवला आहे, असं आम्हाला वाटतं. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही, हे ज्ञान कसं होतं? भाट्ट मीमांसक त्याला अनुपलब्धी म्हणतात. पण एक अट आहे बरं का: ती अनुपलब्धी योग्य हवी. घट तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. व्हॉल्व्ह उघडा असता तर दिवा लागलाच असता का? नाही. वीज तुटून व्हॉल्व्ह अडकला, बल्ब गेला, तार तुटली, तिन्ही प्रसंगी दिवा विझलेलाच. मग त्या विझलेल्या दिव्यावरून ‘बंद’ हा निष्कर्ष निघतो कसा?

याच्या उलट रेल्वेवाल्यांचं पाहा. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी रुळांतूनच वीज खेळवणारं मंडल बांधलं. वीज वाहते आहे, तोवरच मार्ग मोकळा. गाडी आली, तार तुटली, बॅटरी उतरली, काहीही झालं तरी सिग्नल धोक्याचा. न कळणं म्हणजे ‘सुरक्षित’ असा अर्थ ते लावतच नाहीत. ही जोडणी केवळ तांत्रिक नाही, तिच्यात अज्ञानाविषयीची एक भूमिका आहे.

अपघातानंतर गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. कर्मचाऱ्यांच्या चुका त्यानं झाकल्या नाहीत. पण त्यांचं प्रशिक्षण, नियंत्रण कक्षाची रचना, नियामक संस्थेचं दुर्लक्ष यांवरही बोट ठेवलं. सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात असाच व्हॉल्व्ह अडकला होता. तिथे तो सुमारे वीस मिनिटांत लक्षात आला, आणि त्यापासूनचा धडा मात्र इकडे पोचला नव्हता. पुढे व्हॉल्व्हची प्रत्यक्ष स्थिती दाखवणारी खूण अमेरिकेतल्या अशा केंद्रांना बंधनकारक झाली.

‘माणसाची चूक’ हे शब्द आपण फार सहज वापरतो. दिवा पाहणारा माणूस चुकला, हे खरं. पण दिव्याची तार कुठे जोडायची हे ठरवणारासुद्धा माणूसच होता, आणि त्याचा निर्णय पाहणाऱ्याला दिसत नव्हता. आज आपल्या घरांत, लिफ्टमध्ये, इस्पितळांत असे कितीतरी दिवे आहेत. त्यांतला एखादा बसवून घ्याल तेव्हा वायरमनला एवढं जरूर विचारा: याची तार आज्ञेला जोडली आहे, की कामाला?